चोविसावं दार

पार्सल आलं अकरा डिसेंबरला,
कासेलहून वेंगुर्ल्याला, महिना काढून,
एक कोपरा दबलेला, वर कस्टमची निळी पट्टी.
पोस्टमन म्हणाला, "मेस्त्रीनू, जर्मनी काय म्हणता?"
म्हटलं, थंडी म्हणता.

आत पुठ्ठ्याचं घर.
त्याला चोवीस दारं, दारांवर आकडे,
पण रांगेत नव्हेत: सातच्या शेजारी एकवीस,
तीन नंबर थेट धुराड्यावर.
लविनाची चिठ्ठी: पप्पा, एक तारखेपासून
रोज एकच उघडायचं. इकडे सगळे तसंच करतात.
रुजाय म्हणाली, "म्हणजे अकरा दिवस आमी मागे."
आणि बोटाने अकरा दारं फोडली,
सुके बोंबील मोडावेत तशी.
आतली चॉकलेटं कधीकाळी घंटा असतील, मेंढरं असतील;
वाटेत कुठल्या तरी गोदामाच्या उन्हात
सगळ्यांना एकच आकार आला होता,
साबणाच्या उरल्यासुरल्या वडीचा.
शेजारच्या पोरांनी तरीही पुठ्ठ्यासकट चाटलं.
उरलेली तेरा दारं फ्रिजमध्ये,
बांगड्यांच्या डब्यावर.

फोन येतो तेव्हा आमचे साडेनऊ, त्यांचे पाच,
आणि दोन्हीकडच्या खिडक्यांत रात्रच.
एल्विना सांगते, सहा तारखेला बूट पुसून
दाराबाहेर ठेवायचे. सकाळी आत संत्रं आणि अक्रोड.
मी सांगतो, आमच्याकडे ठेवलास तर
एक बूट कुत्रा नेईल, दुसऱ्यात कुर्ली शिरेल.
ती हसत नाही.
माझं बोलणं तिला हल्ली जरा उशिरा कळतं.
नेटवर्क, असं रुजाय म्हणते.

रविवारी वॉशिंग मशीन लावलं म्हणून
खालच्या मजल्यावरच्या बाईने दाराला चिठ्ठी चिकटवली.
जावई ती शब्दकोश घेऊन वाचत बसला.
शेवटी म्हणाला, सभ्य भाषेत आहे.

तारा मी दरवर्षी घरीच करतो,
कामट्या तासून, पतंगाचा कागद डकवून.
लविना लहानपणी खळीची वाटी धरायची.
यंदा फोनवर शिकवला.
"पप्पा, इकडे बांबू नाही."
मग ते चायनीज मागवता त्यातल्या काड्या घे.
"गाठ कुठून?" उजवीकडून.
माझं उजवं तिच्या पडद्यावर डावं झालं,
आणि एक कोन वाकडा राहिला.
तसाच टांगलाय खिडकीत.
खालची बाई आता येता-जाता अंगणात थांबते,
वर बघते. बोलत नाही.
थांबते मात्र.

बर्फ पडलं? रुजाय रोज विचारते.
नाही आई, पाऊस आहे.
पावसासाठी एवढ्या लांब कशाला गेली,
हे ती फोन ठेवल्यावर म्हणते.
आमच्याकडे कलमांना मोहोर आलाय,
आभाळ भरलं की बागायतदारांचा जीव खालीवर.
तेवीसला दिवसभर तसंच होतं, आणि लाइटही गेली.

मध्यरात्रीच्या मिस्सेहून आलो तेव्हा दोन वाजलेले.
चोवीस नंबरचं दार मी राखून ठेवलं होतं,
सगळ्यांत मोठं, दोन झडपांचं.
लाइट गेल्यापासून घर टेबलावरच राहिलेलं.
उचलायला गेलो तर मागून, पुठ्ठ्याच्या शिवणीतून,
आकडा वगैरे काही न वाचता
मुंग्या आत पोचलेल्या.

रुजाय फडकं घेऊन आली. म्हटलं, असूं दे.

फोन लावला. त्यांचे साडेनऊ.
एल्विना झोपली होती. नेवऱ्या फुटल्या म्हणाली लविना,
पाकिटातलं खोबरं कोरडं असतं.
मग म्हणाली, पप्पा, चोविसाव्यात काय निघालं?

माणसं, मी म्हटलं.
बरीच आहेत. रांगेने चाललीत,
आपापल्या वजनाहून मोठं सामान घेऊन.